नाकागुसुकू 1:150 – तिसऱ्या आवाराने घाम काढला

नाकागुसुकू या जपानमधल्या कोटाची 1:150 मापाची प्रतिकृती मी घरी करतोय. गेल्या वेळी मुख्य दरवाजाजवळ थांबलो होतो. त्यानंतर सात आठवडे गेले, त्यातले पाच एकट्या तिसऱ्या आवाराच्या तटात. फोटोत जेमतेम वीतभर लांबीची भिंत दिसते, पण तिच्यावर माझ्या अकरा संध्याकाळी खर्ची पडल्यात.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. ओकिनावा बेटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 160 मीटर उंचीच्या डोंगरधारेवर नाकागुसुकू आहे. ‘गुसुकू’ म्हणजे र्‍युक्यू राज्यातला दगडी कोट. एकामागोमाग सहा आवारं, एका बाजूला खाली उपसागर. जपानी किल्ला म्हटलं की पांढरा, मजल्यामजल्यांचा मनोरा डोळ्यांपुढे येतो. तो इथे शोधू नका. इथे सगळा खेळ तटाचा. चुना नाही, नुसतं शुष्कसांधी काम. 2000 साली युनेस्कोने र्‍युक्यूची जी नऊ स्थळं जागतिक वारशात घेतली, त्यांतलं हे एक.

पहिली चूक सवयीची. लहानपणापासून दिवाळीत माती कालवून किल्ले केलेत, त्यामुळे हात आपोआप कोपऱ्यावर गोल बुरूज घालायला जातो. तसे दोन घालून झाल्यावर नकाशा पुन्हा नीट पाहिला. इथे आपल्यासारखे सुटे बुरूज नाहीत, तटच नागमोडी जातो. कुठे पोट पुढे काढतो, कुठे आत वळतो. पुढे आलेल्या भागावरून शेजारच्या भिंतीचा पायथा दिसतो, म्हणजे बुरुजाचं काम भिंतीनेच केलं. दोन्ही बुरूज कापून काढले. दुसरी चूक रंगाची. बेसाल्टचा काळसर करडा हाताशी होता, तोच मारला, आणि कोट थेट सह्याद्रीत येऊन बसला. हा दगड प्रवाळापासून झालेला चुनखडीचा. ताजा कापला की सायीसारखा, पावसापाण्यात राहिला की वरून काळवंडतो. आता पिवळसर पांढरा हात देऊन त्यावर काळ्या रंगाचं पातळ पाणी सोडतोय. बरं दिसतंय. स्प्रेचा डबा मात्र थर्माकोलवर चालवू नका. दक्षिणेकडच्या उताराला त्याने पार चाळण केली, तो भाग परत करावा लागला.

आता मुद्द्याचं. मी झाकिमी हा ओकिनावातलाच दुसरा कोट सोडून नाकागुसुकू घेतलं, कारण इथे एकाच कोटात दगड रचायच्या तीन तऱ्हा आहेत. दक्षिण आवारात काही ठिकाणी नोझुरा: अनघड दगड, मिळतील तसे बसवलेले. पहिल्या आणि दुसऱ्या आवाराला नुनो, म्हणजे चौकोनी घडीव चिऱ्यांचे आडवे थर. तिसऱ्या आणि उत्तरेच्या आवाराला आइकाता: पाच-सहा कोनांचे दगड, प्रत्येक शेजाऱ्याच्या मापाने घडवलेला. आधीची आवारं चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथल्या सरदारांनी वाढवत नेली. शेवटची दोन गोसामारू या सरदाराची. राजाच्या हुकमावरून तो 1440 मध्ये झाकिमीहून इथे आला. तिसऱ्या आवाराला आजही ‘मीगुसुकू’, म्हणजे नवा कोट, म्हणतात.

नोझुरा एका संध्याकाळी झालं. माठाच्या खापऱ्या कुटून चिकटवल्या, संपलं. नुनोसाठी निळ्या फोमवर पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने रेघा दाबल्या. दोन दिवस. आइकाताही तसंच रेघा मारून उरकावं म्हटलं, तर भिंत कासवाच्या पाठीसारखी दिसायला लागली. नकली. शेवटी प्लास्टरची पातळ लादी ओतली, तिचे तुकडे केले आणि एकेक घासून बसवायला घेतला. तेव्हा कळलं की इथे आधी ढीगभर दगड करून ठेवता येत नाहीत. पुढच्या दगडाचा आकार मागचा बसल्यावर ठरतो. चिमट्याने धरा, लावून बघा, काढा, घासा, परत लावा. भिंतीवर सुमारे सहाशे तुकडे आहेत, वाया गेलेले वेगळे. खरी भिंत काही ठिकाणी दहा मीटरच्या वर जाते. तिथे हे काम गवंड्यांनी दोरी-पहारीने केलं, आणि मी इथे पंख्याखाली बसून वैतागतोय.

या नव्या कोटाची गोष्टही सांगायला हवी. उपसागरापलीकडे कात्सुरेनचा कोट दिसतो. तिथे आमावारी हा सरदार होता, आणि गोसामारूला इथे आणलं ते त्याच्यावर नजर ठेवायला, असं मानतात. 1458 मध्ये आमावारीने राजा शो ताइक्यूचे कान भरले की गोसामारू बंडाची तयारी करतोय. गोसामारू म्हणजे राजाचा सासरा. फौज दाराशी आली, पण राजाचं निशाण दिसल्यावर त्याने हत्यार उचललं नाही, स्वतःचा जीव घेतला, अशी परंपरा सांगते. पुढे राजाच्या फौजेने आमावारीलाही संपवलं. म्हणजे मी पाच आठवडे घासलेला हा तट ज्याने बांधला, त्याने तो लढवलाच नाही! दर वेळी हे आठवलं की मला थोडा रागच येतो.

1853 मध्ये अमेरिकन नौदल अधिकारी पेरीच्या मोहिमेतली एक तुकडी बेट पालथं घालत इथे पोचली, मोजमाप घेतलं आणि बांधणीचं कौतुक लिहून ठेवलं. नंतर आत गावाची कचेरी होती, ती दुसऱ्या महायुद्धातल्या 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत जळाली. तट मात्र बराचसा वाचला. शुरीचा, म्हणजे र्‍युक्यूच्या राजांचा, राजवाडा त्याच लढाईत बेचिराख झाला, हे लक्षात घेतलं तर नाकागुसुकू नशीबवानच म्हणायचा.

दक्षिण आवारात मी इमारत ठेवलेली नाही. तिथे उताकी आहेत, देवस्थानं. मूर्ती नाही, देऊळ नाही. झाडी, दगड आणि धूप ठेवायची जागा. पवित्र मानल्या जाणाऱ्या कुदाका बेटाकडे तोंड करून दुरूनच हात जोडायचं ठिकाणही तिथेच. तिथली झाडं वाळलेल्या शेवाळाची केली, दाट, मुद्दाम विस्कटलेली.

राहिलेलं काम: कोपऱ्यांचे माथे. वळणावर तट संपतो तिथे सगळ्यात वर एक दगड शिंगासारखा उचललेला असतो. मला पाच हवेत, चार झाले. पाचवा घासताना उडाला, तो सोफ्याखाली शोधून दमलो. उत्तरेच्या आवारातली विहीरही बाकी आहे. कोटाबाहेरचं पाणी तट वाढवून आत घेतलं होतं, त्यामुळे तिथे उतरती पायरी खणावी लागेल आणि पाया कापायला माझा हात होत नाहीये. फोममध्ये इतक्या खाली व्यवस्थित पायऱ्या कोणी कापल्या असतील तर पातं कुठलं वापरलं ते सांगा.

फोटोत मुख्य दरवाजाशी भाला घेतलेला मावळा दिसतोय, तो भाच्याने ठेवलाय. काढला की रडतो.