आमची वाटचाल : डिस्क दिसते, पण मशीन चालू होत नाही

गोव्यात फोंड्याच्या बाजारात आम्ही संगणक दुरुस्तीचे दुकान काढले तेव्हा जिकडेतिकडे विंडोज एक्सपी होती. मशीन जोडायचे, विंडोज टाकायची, प्रिंटर बसवायचा, व्हायरस काढायचा, एवढेच काम. ८ एप्रिल २०१४ नंतर मायक्रोसॉफ्टने एक्सपीला अपडेट देणे थांबवले आणि कुंडई-मडकईचे कारखाने, देवस्थानांच्या कचेऱ्या, हिशेबनीस, सगळेच नवी विंडोज घ्यायला निघाले. जुने मशीन बदलण्याआधी त्याची विंडोजसकट पूर्ण नक्कल एक्स्टर्नल हार्डडिस्कवर काढून ठेवायची, असा पायंडा तेव्हाच पडला. मग ती तक्रार येऊ लागली, जिच्यावर आज आमचा निम्मा धंदा उभा आहे : ‘डिस्क दिसते हो, पण तिच्यावरून मशीन चालू होत नाही.’

अशी डिस्क आली की काही दुकानांत पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा. आमच्याकडे तो शब्द शेवटपर्यंत निघत नाही. आधी डिस्कची तब्येत पाहायची, आतला डेटा दुसरीकडे उतरवून घ्यायचा, मग बाकीचे. शिरोड्याचे एक छायाचित्रकार अशीच डिस्क घेऊन आले होते, लग्नांचे फोटो आत. डिस्क ठणठणीत होती, बिघडली होती ती ज्या डबीत बसवलेली असते त्या डबीतली छोटी यूएसबी पट्टी. डिस्क काढून आम्ही दुसऱ्या डबीत घातली आणि फोटो जसेच्या तसे मिळाले. अर्थात दर वेळी हे इतके सोपे जात नाही. काही डब्या डेटा कूटबद्ध करून लिहितात किंवा सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांचे, माप बदलून दाखवतात. अशी डिस्क दुसऱ्या डबीत कोरी दिसते आणि विंडोज विचारते, इनिशियलाइझ करू का, म्हणजे डिस्क नव्याने मांडू का? तिथे ‘नाही’च म्हणायचे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगतो.

डेटा सुरक्षित झाला की पहिला संशय विजेवर. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळायचे, यूएसबी ३ मधून ९००, आणि फिरणाऱ्या डिस्कची मोटर सुरू होताना जास्त ओढते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाला लांब वायर असते, तिथे आणखी घट. लोगो येतो, गोल फिरतो, मशीन पुन्हा सुरुवातीला. विंडोज खराब झाली असे वाटते, पण मागच्या पोर्टात आखूड केबलने लावली की तीच डिस्क चालते. किनाऱ्यालगतच्या हॉटेलांत तर खारी हवा पोर्टाच्या पट्ट्या खाऊन टाकते.

त्यानंतर बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याची, पद्धत. मशीन सुरू करणारी मदरबोर्डवरची जुनी प्रणाली बायोस, नवी यूईएफआय. जुन्या बायोसवर, एमबीआर या जुन्या मांडणीने तयार केलेली डिस्क नुसत्या यूईएफआयवर चालणाऱ्या मशीनच्या बूट-यादीत येतच नाही. त्याला जीपीटी ही नवी मांडणी आणि फॅट ३२ या फाइल-पद्धतीतला, सुरू होण्याच्या फाइलींचा छोटा ईएफआय भाग लागतो. काही मशीनवर फास्ट बूट चालू असला तर यूएसबी तपासलीच जात नाही, आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय डिजिटल सही नसलेली प्रणाली अडवते. पण या सेटिंगना हात लावण्याआधी आम्ही बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की मागून घेतो. ती नसताना सिक्युअर बूट बदलला तर मालकच स्वतःच्या मशीनबाहेर राहायचा.

सगळ्यात जास्त समजवावे लागते ते पुढचे. यादीत डिस्क येते, विंडोज सुरू होते आणि मध्येच निळा पडदा : इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. सुरुवातीला डिस्क मदरबोर्डचा फर्मवेअर (तोच बायोस किंवा यूईएफआय) वाचतो, मग विंडोज स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, वापरू लागते. त्या घडीला यूएसबीचा ड्रायव्हर तयार नसला तर ज्या डिस्कवरून ती उठत होती तीच तिला दिसेनाशी होते. विंडोज ७ मध्ये तर यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नव्हता. नेहमीची विंडोज बाहेरच्या डिस्कवरून चालावी म्हणून बनलेलीच नाही. त्यासाठी विंडोज ८ सोबत ‘विंडोज टू गो’ आले होते, तेही २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले. म्हणून आम्ही सरळ सांगतो : नक्कल मशीनच्या आतल्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या डिस्कवर) उतरवू या, बाहेरची डिस्क राखीव राहू दे. बाहेरूनच चालवायचे असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली घ्या, ते पेन ड्राइव्हवरूनही नीट चालते.

या सल्ल्यामुळे नवीन डिस्कची विक्री काही वेळा हातची जाते, पण वार्षिक कराराची कामे त्यातूनच मिळाली. आता करारातल्या प्रत्येक कचेरीत आम्ही मे महिन्यात जातो. पाऊस लागला की वीज सारखी जाते-येते, त्याच्या आत बॅकअपमधली नक्कल एका मोकळ्या एसएसडीवर उतरवतो आणि त्यांच्याच मशीनला लावून, हिशेबाची फाइल उघडेपर्यंत चालवून पाहतो. उघडली की तारीख घालून डिस्कवर चिठ्ठी चिकटवतो आणि ती डिस्क कचेरीच्या कपाटात ठेवायला देतो.