तीनशे ठिपके

“ताई, हा तुकडा नक्की हिप्पोकॅम्पसचाच आहे का?”

परवा आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने विचारलं. पंचाहत्तरीच्या एका आजोबांचा एमआरआय होता. फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरने रात्रभर चालून मेंदूचा एकेक भाग रंगवला होता. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी जोडलेला मेंदूचा भाग, पिवळा, कड अगदी सुबक. मी खुर्ची ओढून बसले.

वयोमानाने आजोबांच्या मेंदूतल्या पोकळ्या रुंदावल्या होत्या. हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या पोकळीत रक्तवाहिन्यांचा झुबका असतो, कोरॉइड प्लेक्सस. टी-वन प्रकारच्या एमआरआय स्कॅनवर तोही करडाच दिसतो, आणि सॉफ्टवेअरने त्यालाही पिवळा रंग देऊन टाकला होता.

मोठ्या माणसाचा एका बाजूचा हिप्पोकॅम्पस असतो तीन-साडेतीन घन सेंटिमीटर. एक मिलिमीटरच्या स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपका एक घन मिलिमीटरचा, म्हणजे तीन-साडेतीन हजार ठिपके. त्यात तीनशे चुकीचे घुसले तर जवळजवळ दहा टक्के फरक. अल्झायमरमध्ये हा भाग वर्षाला साधारण ४-५ टक्के आक्रसतो. म्हणजे दोन वर्षांचा आजार आकड्यात झाकला जातो! म्हणून मला ही कड इतकी जपावीशी वाटते.

मी या कामाला लागले तेव्हा या भागाची कड हातानेच रेखायचो. एका बाजूला तास सहज जायचा. सगळ्यात छळायचं पुढचं टोक. तिथे ॲमिग्डाला हा मेंदूचा शेजारचा भाग चिकटलेला, दोघांचा करडेपणा सारखाच, आणि मध्ये अल्व्हिअसची, म्हणजे मज्जातंतूंच्या पातळ थराची, पांढरी रेघ. ती एका कापात दिसते, पुढच्यात नाहीशी होते. मग बाजूच्या छेदात जाऊन खात्री करायची, परत यायचं, माउस दोन ठिपके मागे घ्यायचा.

ब्रूस फिशल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली फ्रीसर्फरची पद्धतही अशाच हाताने रेखलेल्या मेंदूंवर उभी आहे. या जागी कोणता भाग असण्याची शक्यता किती, ठिपक्याचा उजेड किती, शेजारी कोण, यावरून ती नाव ठरवते. आता फास्टसर्फरसारखी न्यूरल नेटवर्कं रंगवण्याचं काम मिनिटभरात करतात, आणि शेकडो स्कॅन असले की त्यांच्याशिवाय निभत नाही. पण बघायचं आपणच.

त्या मुलीला पहिल्या आठवड्यात मी दहा हिप्पोकॅम्पस हाताने रेखायला लावले होते. तेव्हा ती कंटाळली होती. परवा फ्रीव्ह्यू हा स्कॅन बघायचा आणि दुरुस्त करायचा प्रोग्रॅम उघडून तो झुबका तिनेच एकेक कापातून पुसला. मी नुसती शेजारी बसले होते.