वास्कोतला हंगामाचा सण

वास्कोत हंगामाचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे उपकार मानायचा ख्रिस्ती सण, करायचा म्हणजे पहिला प्रश्न पिकाचाच. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कुणाच्या नावावर गोव्यात गुंठाभरही शेत नव्हतं. कुणी मुरगाव बंदरात, कुणी रेल्वेत, कुणी दाबोळीला नौदलात, कुणी झुआरीनगरच्या कारखान्यात. पण देवाचे उपकार मानायला रिकाम्या हातानं कोण जाईल? मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मयड्याची केळी यायची, काणकोणकडून खोल्याची मिरची यायची, घरमालकिणीनं आपणहून दिलेले परसातले नारळ यायचे. आणि नुकतंच गावाकडून आलेल्यांच्या पिशवीत बाजरी, हुलगे ठरलेले.

गोवा एक्सप्रेस मनमाड, कोपरगाव, नगर, पुणे, मिरज करत थेट वास्कोला येते, म्हणून नगरकडची माणसं आमच्यात पुष्कळ. दर वर्षी सणाच्या सुमारास एखादं नवं कुटुंब चौकशी करत आमच्या उपासनेच्या हॉलपर्यंत पोचायचं. आजूबाजूला चर्च खूप, पण तिथं मीस, म्हणजे चर्चमधली उपासना, कोकणीतून नाहीतर इंग्रजीतून. आईच्या भाषेत प्रार्थना करायची ओढ त्यांना आमच्याकडे आणायची. ही माणसं हमखास दाराजवळच्या खुर्च्यांवर बसायची, भक्ती संपताच निघून जाता यावं म्हणून.

काही ठिकाणी नव्या माणसाला उभं करून नाव-गाव विचारतात, सगळे टाळ्या वाजवतात. हेतू चांगलाच असतो. पण लाजरं माणूस त्या टाळ्यांनी आणखीच आक्रसतं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या प्रीतिभोजनाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशींची रीत निराळी होती. नाव विचारायच्या आधी त्या हातात विळी द्यायच्या. "ये गं बाई, एवढा कांदा चिरून दे, मग बोलू निवांत." नवऱ्याला सतरंज्या घालायला नाहीतर पाण्याचे ड्रम उचलायला धाडायच्या. कांदा संपेपर्यंत माहेर कुठलं, मुलं कितवीत, भाड्याची खोली मिळाली का, सगळं कळलेलं असायचं. आणि खोली मिळाली नसेल तर दुपारपर्यंत चार जण शोधाला लागलेले असायचे. पाहुण्याला खुर्चीवर बसवून सरबत दिलं तर तो पाहुणाच राहतो, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं.

गाण्याच्या वेळी 'उपासना संगीत' उघडून क्रमांकावर बोट ठेवून द्यायचं काम संडे स्कूलच्या मुलांचं. आम्ही ते फार मानानं करायचो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन निघालं की मजा यायची. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं ख्रिस्ताची गाणी अभंगाच्या वळणानं लिहिली. त्यामुळे राहुरी-श्रीरामपूरकडचा माणूस दोन ओळींत पुस्तक मिटून आमच्यापेक्षा मोठ्यानं गायला लागायचा, आणि तबल्यावरचे काका त्याच्याकडे बघून ठेका वाढवायचे.

जेवणाआधी अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव. एकच नारळ तीन-तीनदा विकला जायचा, कारण घेणारा पैसे देऊन तो परत टेबलावर ठेवायचा. इथं एक अलिखित नियम होता: नव्या कुटुंबानं बोली लावली की जुन्यांनी गप्प बसायचं. पाळकसाहेब "दहा रुपये एकवार, दोनवार" म्हणत सगळीकडे बघायचे, कुणीही तोंड उघडायचं नाही. केळ्यांचा अख्खा घड दहा रुपयांत त्या घरी जायचा. तो उचलून आणणाऱ्या बाईचा चेहरा पाहायला आम्ही मुलं पुढं सरकायचो.

पानं उठल्यावर मावशींचं शेवटचं काम असायचं. उरलेला पुलाव आणि रस्सा नव्या मंडळींच्या डब्यात भरायचा. त्यांच्याकडे डबा नसेल तर स्वतःचा द्यायचा, म्हणजे तो परत द्यायला तरी ती येतील. आणि डबा हातात देताना पुढचा रविवार तिथंच ठरवून टाकायचा: "सड्यावर राहता ना? मग साडेआठला नाक्यावर उभे राहा. आमचे हे न्यायला येतील."