सिव्हिल हॉस्पिटलचं पत्र लागत नव्हतं

मी बाई नाही आणि पुरुषही नाही, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. तरी ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याखाली मिळणाऱ्या ओळख प्रमाणपत्राचा अर्ज मी कितीतरी दिवस लांबवला. हा कायदा किन्नर समाजासाठी, त्यात आपल्याला जागा नाही, असं वाटायचं. २०२३ मध्ये २०१९ चा कायदा नीट वाचला. तेव्हाच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, जोगता यांच्यासोबत जेंडरक्वीअरही, म्हणजे बाई-पुरुष या चौकटीत न बसणारे, लिहिलेलं होतं. नॉनबायनरी, म्हणजे बाईही नाही आणि पुरुषही नाही, असा वेगळा रकाना नव्हता, प्रमाणपत्रावर ट्रान्सजेंडर असंच यायचं. माझ्यासाठी ते तंतोतंत नाही, पण जन्मापासून चिकटलेल्या चुकीच्या नोंदीपेक्षा कितीतरी जवळचं आहे.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरला. सोबत फोटो, आधार आणि प्रतिज्ञापत्र. पुढं एका कार्यालयातून फोन आला, "सिव्हिलचं सर्टिफिकेट जोडा, मग बघू." इथंच बरेच जण अर्ज सोडून द्यायचे, आणि ते मला फार लागायचं. कारण या कायद्याच्या २०२० च्या नियमांत तेव्हा स्वच्छ लिहिलं होतं, की प्रतिज्ञापत्र बघून जिल्हाधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र द्यायचं, वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता. दवाखान्याचा कागद लागायचा तो शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी सुधारित नोंद हवी असली तरच.

नियमाची प्रिंट घेऊन एसटीनं जिल्ह्याचं गाव गाठलं. मावशी हट्टानं सोबत आली. टेबलापाशी माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा तीच बोलली, "साहेब, आमच्या लेकराला तपासा म्हणून कायद्यात कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा." त्यांनी प्रिंट वाचली, आत नेली, बाहेर येऊन म्हणाले, "ठीक आहे, पुढं पाठवतो." मावशी पाचवी शिकलेली. तिच्यावाचून त्या दिवशी मला परत फिरावं लागलं असतं.

प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पोर्टलवरूनच मिळालं. ते दाखवून आधी आधार बदलून घ्या, मग पॅन. पॅनच्या अर्जात तिसरा पर्याय २०१८ पासून आहे, आणि दोन्हीकडं नोंद जुळली नाही तर आधार-पॅन जोडणी अडते. जुने कागद बदलले तरी त्यांचा क्रमांक तोच राहतो, हेही नियमात आहे. नोकरीच्या ठिकाणी कुणी शंका घेतली तर तेवढं दाखवा.

शाळेच्या टीसीचं आणि दहावीच्या प्रमाणपत्राचं काम अजून चालू आहे. हेडमास्तरांनी बोर्डाला पत्र दिलंय.