नगरमच्या घाटावर

गडचिरोलीतली आलापल्ली मागे पडली की सिरोंच्यापर्यंत शंभरेक किलोमीटर जंगलच. गाडीत आई सोबत होती. तिचं लहानपण सिरोंच्याचं. महाशिवरात्रीला ती वडिलांचा हात धरून नावेतून काळेश्वरला जायची. एकाच शाळुंकेवर दोन शिवलिंगं असलेलं ते देऊळ गोदावरीच्या पल्याड, तेलंगणात. दरवर्षी नावाडी म्हणायचा, "पोरी, हात आत घे." ते वाक्य ती आजही तेलुगूतच सांगते.

सिरोंचा प्राणहितेच्या काठावर आहे. थोडं खाली, नगरमजवळ, प्राणहिता गोदावरीला मिळते. इथल्या पाण्याला इतिहास फार आहे आणि तो बहुतेक नकाशांवर रेघा ओढणाऱ्यांनी लिहिलाय. १८६० पर्यंत दोन्ही काठ निजामाचे होते. त्या वर्षीच्या तहात गोदावरीचा डावा काठ इंग्रजांकडे गेला आणि रोजची वाट असलेली नदी सरहद्द झाली. अल्याड इंग्रजांचा कलदार रुपया, पल्याड निजामाचा हाली शिक्का. मुली मात्र पूर्वीसारख्याच पल्याड दिल्या जात होत्या.

इंग्रजांनी सिरोंच्याला अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं केलं. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून थेट पूर्व किनाऱ्यावर उतरवायचा, असा बेत होता. वाटेतल्या खडकाळ टप्प्यांवर बांध-कालव्यांची कामं काढली, पैसा ओतला आणि १८७१ मध्ये सगळं सोडून दिलं. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. सिरोंचा चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेलं. गोऱ्या इंजिनिअरांच्या आगबोटींसाठी नदी चालली नाही. बेस्ता आणि ढीवर या नावाडी-मासेमारांच्या डोंग्यांसाठी ती त्याआधीही चालत होती, नंतरही चालत राहिली.

सरकारचं लक्ष डोंग्यांकडे गेलं ते महसुलासाठी. १८७८ च्या फेरी कायद्याने सरकारी घाटांचे लिलाव होऊ लागले. नावेने नदी ओलांडून देण्याचा हक्क ठेकेदाराचा, आणि अशा घाटापासून २ मैलांच्या आत कुणी परवानगीशिवाय भाड्याने नाव चालवायची नाही. ज्यांचे बापजादे या पाण्यावर वाढले, त्यांनाच आपल्या नदीत भाड्याने नाव घालायला परवाना लागू लागला. मला याचा राग येतो, आजही.

घाटावर एक म्हातारे बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. आईने तेलुगूत आपल्या वडिलांचं नाव सांगितलं तसं त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग माझ्याशी मराठीत बोलले. जुने डोंगे सावरीच्या बुंध्याचे, आतून कोरलेले. दोन डोंगे बाजूबाजूला बांधून वर फळ्या टाकल्या की त्यावर बैल उभे राहत. पुढेपुढे मोटरसायकलीही. गावचे लोक दर खेपेला पैसे देत नसत, सुगीला धान देत.

"पुरात सरळ जाता येत नाही बाबू," ते म्हणाले. "आधी काठाकाठानं नाव वर ओढत न्यायची. मग सोडायची. पाणी खाली ढकलते, आपण आडवं वल्हवायचं. बरोब्बर समोरच्या घाटावर लागते." किती वर न्यायची? "पाणी पायलं का समजते."

याला मोजमाप नाही. दर पुरानंतर वाळूचे दांडे सरकत, आणि नवा दांडा कुठे आलाय हे त्यांना पाण्याच्या रंगावरून कळे. २०१९ मध्ये खाली मेडीगड्ड्याचा बंधारा झाला तेव्हा नदीचा तो जुना अंदाजच चुकू लागला. काठावरच्या शेतांतही पाणी शिरलं.

गोदावरीवरचा पूल २०१६ मध्ये खुला झाला. बाबांना त्याचं वाईट वाटत असेल, असं मी धरून चाललो होतो.

"पूल झाला तं चांगलंच झालं," ते म्हणाले. "रात्री बाई अडली का मला उठवत होते. कंदील घेऊन निघत होतो. एकदा नदीच्या मधात लेकरू झालं. एकदा नाही वाचली बाई. अजून सपनात येते."

त्यावर आई काही बोलली नाही. मीही नाही.

वर चामोर्शीकडे वैनगंगेला अजून असे घाट आहेत. जानेवारी २०२४ मध्ये गणपूरहून मिरची तोडायला पल्याड निघालेल्या बाया डोंगा उलटून बुडाल्या. दिवसाच्या मजुरीसाठी रोज पहाटे नदी ओलांडत होत्या. सिरोंच्याच्या पुलावर उभा राहिलो तेव्हा तो घाट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

ऊन उतरल्यावर बाबा म्हणाले, चला. नाव आता मासेमारीची, फायबरची. आई पुढे बसली. बाबांनी आधी नाव काठाने वर ओढत नेली. पाणी कमी होतं, तेवढं वर न्यायची गरज मला तरी दिसत नव्हती, तरी नेली. मग वल्हं घातलं. मधोमध आईने पाण्यात हात सोडला.

बाबा तेलुगूत काहीतरी म्हणाले. आईने हसत हात आत घेतला.