दगडावरचा नांद्रुक

आषाढ, रविवार

दुपारी पावसाने उघडीप दिली तेव्हा नांद्रुकाच्या बोन्सायच्या कुंडीतली वरची दोन बोटे माती काढली. झाडाची मुळे दगडावर पसरून बांधायची, दगडासकट सगळे मातीत गाडायचे आणि मुळे जाड होत जातील तशी वरून थोडी थोडी माती कमी करायची, अशी या प्रकाराची रीत आहे; जपानी लोक त्याला सेकिजोजू म्हणतात. मऊ ब्रशने माती झाडल्यावर बुंध्यापासून निघालेली मुळे दिसली. दोन मुळे दगडाच्या खाचेत नीट उतरली आहेत आणि ती एकमेकांना टेकतात तिथे त्यांची साल एकजीव होऊ लागली आहे. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक या सगळ्या भाऊबंदांचा हा स्वभावच आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या एवढ्याशा बीपासून ही झाडे किल्ल्यांच्या तटात रुजतात आणि पुढे चिरे सरकवतात. तिथे जो उपद्रव ठरतो, तोच गुण इथे कामी येतो.

जपानमध्ये दगडावर मेपल फार सुंदर दिसतो हे खरे. पण त्याला हिवाळ्याची गाढ थंडी लागते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला जगवत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. नांद्रुक इथलाच आहे आणि पावसाळ्यात मुळे छाटली तरी लवकर सावरतो. छाटताना निघणारा पांढरा चीक तेवढा लगेच पुसावा लागतो.

झाडापेक्षा दगड निवडायला मला जास्त वेळ लागला, कारण झाडाला तार बांधून वळवता येते, दगडाला नाही. नदीतले गुळगुळीत गोटे अनेक जण वापरतात, पण त्यावर मुळांना धरायला काही नसते. पाया खणताना निघालेला आपला साधा काळा दगड मी घेतला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांनी त्यात भोके राहिली आहेत, आणि मुळांची बारीक टोके नेमकी तिथेच शिरतात. सिमेंटने जोडलेले कृत्रिम कडे मात्र कितीही हुबेहूब असले तरी मला पटत नाहीत.

या दगडाचा दोष एकच, तो तापतो. वैशाखात गच्चीवर त्याला दुपारी हात लावता येत नाही, मग उघड्या कोवळ्या मुळांचे काय होत असेल! म्हणून माती काढण्याचे काम पावसाळ्यातच करायचे, आणि उन्हाळा आला की उघड्या भागावर ओले गोणपाट गुंडाळून कुंडी हिरव्या जाळीखाली न्यायची. माती काढण्याची घाई केली तर मुळे दोऱ्यासारखी बारीकच राहतात, कारण ती जाड होतात ती बहुतेक मातीत असतानाच.

तिसरे मूळ दगडापासून सुटून कमानीसारखे वर आले आहे. जुनी सुतळी कुजल्यामुळे त्याचा ताण गेला असावा. मुळावर रबराचा तुकडा ठेवून, सालीला काच पडणार नाही अशा बेताने नवी सुतळी आवळली आणि ओले शेवाळ लावून तेवढा भाग पुन्हा झाकला. ते मूळ खाचेत बसेपर्यंत खालची माती काढायची नाही, मग हा पावसाळा त्यातच गेला तरी चालेल.