पातं मिटू नये म्हणून

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर भाच्याने टेबलावर जाड फडकं पसरलं आणि रुखवत मांडावा तसे त्यावर एकापुढे एक पाच चाकू मांडले. सगळे मिटणारे, सगळे खिशात मावणारे, मँचेस्टरहून चेक-इन बॅगेतून आलेले. मी त्याच्याकडे फक्त पेरू कापायला चाकू मागितला होता.

"मामा, यातला सगळ्यात भारी कुठला, ओळख."

मी एकेका पात्यावरून अंगठा आडवा फिरवून पाहिला. तो हसला. "धार काय, कोणीही लावून देतं. लॉक बघ, लॉक."

म्हणजे उघडलेलं पातं कापता कापता बोटांवर मिटू नये, यासाठी केलेली सोय. या एवढ्याशा गोष्टीवर जगात किती डोकी झिजली आहेत, हे मला पुढचा तासभर ऐकावं लागलं. तेवढ्यात त्याच्या मामीने विळीवर पेरू चिरला, तिखट-मीठ लावून आमच्यापुढे ठेवला आणि ती झोपायला गेली. विळीचं पातंही मिटतं, पण त्या लॉकवर कोणी बोलत नाही.

पहिला चाकू लायनर लॉकचा. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते, किंचित आत वाकवलेली. पातं पुरतं उघडलं की ती सरकते आणि पात्याच्या बुडामागे ठाण मांडते. मायकल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिराने १९८० च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. दिसायला सुबक, एका हाताने चालणारी. पण मिटायचं तर पट्टी अंगठ्याने बाजूला सारावी लागते, आणि त्या वेळी अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. बोटं वाचवायला केलेल्या सोयीने आधी बोटच पुढे करायला सांगावं, हे मला काही पटेना. भाचा म्हणाला, सवय होते. सवय तर सगळ्याचीच होते.

दुसऱ्यात आतली पट्टीच नाही, मुठीची एक बाजूच चिरून स्प्रिंग केलेली. ही चाकू घडवणाऱ्या क्रिस रीव्हची युक्ती, १९९० च्या आसपासची, त्याच्या सबेंझा नावाच्या चाकूत आलेली. मूठ जितकी घट्ट आवळाल तितकं लॉक पक्कं बसतं. सबेंझा म्हणजे झुलू भाषेत काम. मूळ चाकूची किंमत ऐकली, तर तो कामाला लावायचा कोणाला धीर होणार नाही. भाच्याकडे होता तो त्याच जातीचा, स्वस्तातला.

मग बक ११०, म्हणजे बक या अमेरिकन कंपनीचा चाकू. हा १९६४ चा. मुठीच्या पाठीला पोलादी दांडी, तिच्या टोकाला दात, पात्याच्या बुडाला खाच. पातं उघडलं की दात खाचेत पडतो आणि असा भरदार आवाज येतो की ऐकणाऱ्याने सरळ बसावं. पितळी टोप्या, लाकडी मूठ, वजन २०० ग्रॅम. लेंग्याच्या खिशात टाकायचा तर नाडीवर भरवसा हवा. चौथा ॲक्सिस लॉकचा, बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये आणलेला. मुठीत आडवी दांडी, ती दोन्ही बाजूंनी मागे ओढता येते, त्यामुळे डावखुऱ्यांचीही सोय. हुशार आहे, यापलीकडे मला त्याबद्दल काही वाटलं नाही.

माझा जीव अडकला तो पाचव्यात. ओपिनेल. फ्रान्सच्या सावोय भागातला, १८९० पासूनचा, बीचच्या लाकडाच्या गोल मुठीचा, अगदी शेतकरी चाकू. पहिली पासष्ट वर्षं त्याला लॉक नव्हतंच. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने मुठीच्या गळ्यात चीर असलेलं पोलादी कडं बसवलं. पातं उघडायचं, कडं फिरवायचं, चीर बाजूला गेली की पात्याला मागे यायला जागाच नाही. ना स्प्रिंग, ना दात. पाच वर्षांच्या पोरालाही कळावं असं. खोड एकच, पाऊस. लाकूड फुगतं आणि पात्याला मुठीत असं आवळून धरतं की नखं तुटतील पण पातं हलायचं नाही. सावोयचे लोक मग मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकतात आणि पात्याचं टोक वर उचललं जातं. या ठोकण्यालाच तिकडे 'सावोयकराचा ठोका' म्हणतात. हे ऐकल्यावर मी जुलैतल्या रत्नागिरीत ओपिनेल वापरणारा माणूस डोळ्यांपुढे आणला. बिचाऱ्याच्या घरात एका टेबलाची कड शाबूत राहायची नाही.

गंमत पुढेच आहे. यातला एकही चाकू भाचा मँचेस्टरच्या रस्त्यावर खिशात घालून सहज हिंडू शकत नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू बाळगायला मुभा आहे. पण १९९३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की घडीचा चाकू तो, जो कधीही नुसता मिटता येतो. आधी खटका सोडवून मग मिटवावा लागत असेल, तर तो घडीचा नव्हे. मग त्याचं पातं कितीही बुटकं असो, सार्वजनिक जागी बाळगायला सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणजे तुमच्या बोटांना जपणारा चाकू गुन्हेगार आणि बोटांवर मिटू शकणारा सज्जन.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनसोक्त हसलो. मग पेरूची फोड हातात घेऊन विचार केला, तेव्हा वाटलं की यात काही अगदीच वेडेपणा नाही. कापताना जोर धारेवर येतो, म्हणजे पातं आणखी उघडायच्याच दिशेला. ते मिटतं कधी? टोक कशात तरी खुपसलं तर, नाहीतर अडकलेलं पातं मागे उपसलं तर. पेरूला, पेन्सिलीला, पाकिटाला लॉक लागतच नाही. एरवी आपल्याकडे खुपसलेलं पातं दिसतं ते नवरदेवाच्या हातात. कट्यार मिळाली नाही की हल्ली घडीचा चाकूच देतात आणि टोकाला लिंबू टोचतात. लिंबू टोचलं की पातं मुठीत शिरूच शकत नाही. हे लॉक मी भाच्याला ऐकवलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

आजोबांच्या चाकूला लॉक नव्हतं. देवगडकडच्या आमच्या घरी तो कायम त्यांच्या कनवटीला असायचा. मुठीच्या पाठीला पोलादी पट्टी, ती पात्याच्या चौकोनी बुडावर दाबून बसलेली. सपाट बाजूवर पट्टी टेकली की पातं थांबायचं, जोर दिला की कोपरा ओलांडून टक्कन मिटायचं. १८९७ चा मूळ स्विस चाकू याच तत्त्वावर चालतो. स्विस सैनिकांच्या चाकूलाही लॉक आलं ते २००८ मध्ये. तोवर तेही बोटं सांभाळूनच होते.

त्या चाकूने आजोबा कलमं बांधायचे, पायातला काटा काढायचे, पोस्टाने आलेलं पाकीट फोडायचे आणि माझ्या पेन्सिलीला टोक काढायचे. टोक काढताना चाकू जवळजवळ हलायचाच नाही. पातं पेन्सिलीवर तिरकं टेकवून डाव्या अंगठ्याने पाठीवर नेट द्यायचा आणि पेन्सिल हळूच मागे ओढायची. लांबट, पातळ ढलप्या ओटीवर पडायच्या, शिसं मात्र तुटायचं नाही. पातं मिटण्याच्या दिशेला हात जाऊच द्यायचा नाही, हेच त्यांचं लॉक. लॉकवाल्या चाकूने हात हे शिकत नाही असं माझं मत आहे, आणि भाच्याने त्यावर बराच वाद घातला.

त्यांच्या चाकूवर मला पुढे दिसलेली अडचण भलतीच होती. उघडण्याची. पात्याच्या वरच्या अंगाला नख अडकवायला एक खाच असते. नव्वदीला टेकल्यावर आजोबांची नखं ठिसूळ झाली आणि अंगठ्यातला जोर गेला. पट्टी मात्र तशीच कडक. चाकू काढायचे, खाचेत नख घालायचे, नख सुटायचं. दोनदा, तीनदा. मग काही न बोलता माझ्यापुढे धरायचे. मी उघडून त्यांच्याकडे करू लागलो की म्हणायचे, "हातात नको, खाली ठेव." चाकू हातात दिला की भांडण होतं ना. मी उघडा चाकू ओटीवर ठेवायचो आणि ते तो उचलून घ्यायचे.

तासभर ऐकलेल्या त्या सगळ्या तुलनेत उघडण्याचा विषय निघालाच नाही. भाचा पस्तिशीचा आहे, कशाला निघेल?

मी हल्ली उजव्या अंगठ्याचं नख थोडं वाढवून ठेवतो. बायको म्हणते, किती वाढलंय ते, काप. म्हटलं, असू दे, लागतं.